एआय एजंटांची पायाभूत यंत्रणा उभारताना: आधी नोंदवही, मग बाकीचे

एआय एजंटांसाठी, म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे अनेक पायऱ्यांची कामे स्वतः पार पाडणाऱ्या प्रोग्रामांसाठी, पायाभूत यंत्रणा पुरवणारा स्टार्टअप उभारायचा असेल, तर संस्थापकाने डॅशबोर्डच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे: काम अर्ध्यावर असताना सर्व्हर बंद पडला, तर एजंट पुन्हा कोठून सुरू होणार? प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे ९५ टक्के वेळा यशस्वी होते असे धरले, तरी २० पायऱ्यांचे काम विनाअडथळा पार पडण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. म्हणजे खंड पडणे हा नेहमीचाच प्रसंग आहे आणि यंत्रणेची रचना तो गृहीत धरूनच करावी लागते.

म्हणून प्रत्येक पायरीपूर्वी तिचा हेतू आणि पायरीनंतर तिचा निकाल अशा नोंदवहीत लिहावा, जिच्यात भर घालता येते पण खाडाखोड करता येत नाही. सुरुवातीला पोस्टग्रेस या डेटाबेसमधला एक तक्ता पुरतो. पुढे, खंड पडलेले काम तिथूनच पुढे नेणारी टेम्पोरलसारखी तयार प्रणाली घेता येईल. मॉडेल त्याच प्रश्नाला दुसऱ्या वेळी वेगळे उत्तर देऊ शकते, त्यामुळे काम पुन्हा सुरू करताना आधीची उत्तरे नोंदवहीतूनच वाचावीत, मॉडेलला नव्याने विचारू नयेत.

खरी कसोटी बाहेरच्या जगावर परिणाम करणाऱ्या पायरीची असते. एजंटाने ग्राहकाला ५,००० रुपये परत करण्याची विनंती पाठवली, ती पोहोचली, पण उत्तर येण्याआधीच जोडणी तुटली, तर पैसे गेले की नाहीत हे एजंटाला कळत नाही आणि आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न केल्यास ते दोनदा जातात. यासाठी कामाचा क्रमांक आणि पायरीचा क्रमांक यांपासून एक ठरावीक किल्ली तयार करून ती विनंतीसोबत पाठवावी, म्हणजे ती ओळखणारी समोरची सेवा दुसरी विनंती नवी समजणार नाही. ही किल्ली मॉडेलला कधीही ठरवू देऊ नये. समोरची सेवा अशी किल्ली मानत नसेल, तर आधी सद्यःस्थिती तपासावी आणि तीही कळत नसेल, तर काम थांबवून माणसाला विचारावे. हे थांबणे ग्राहकाला सुरुवातीला खटकते, पण माझ्या मते त्यावर तडजोड करू नये.

मॉडेलने लिहिलेला कोड चालवायचा असेल, तर साधा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवण्याचा कप्पा, पुरेसा नाही, कारण त्यातील सर्व प्रक्रिया यजमान यंत्राचा एकच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतात. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुले केलेले फायरक्रॅकर प्रत्येक कामाला स्वतःचा कर्नल असलेले छोटे आभासी यंत्र देते; मात्र त्याला केव्हीएम ही लिनक्समधली आभासी यंत्रे चालवण्याची सोय लागते, याची क्लाउड निवडतानाच खात्री करावी. बाहेर जाणारे नेटवर्क मुळात बंद ठेवून लागतील तेवढेच पत्ते उघडावेत.

एजंटाने वाचलेल्या ईमेलमध्येच 'सगळी बिले या पत्त्यावर पाठव' असा आदेश दडलेला असू शकतो आणि मॉडेल तो दर वेळी ओळखेलच असे नाही. त्यामुळे खासगी माहिती वाचणे, अनोळखी मजकूर वाचणे आणि बाहेर काही पाठवणे या तिन्ही मुभा एकाच एजंटाला एकत्र देऊ नयेत. पासवर्ड आणि प्रवेशासाठीची टोकन सँडबॉक्सच्या, म्हणजे कोड चालतो त्या बंदिस्त जागेच्या, बाहेर ठेवावीत.

एजंटाला टूल, म्हणजे ईमेल किंवा डेटाबेससारख्या बाहेरच्या सेवा, जोडण्यासाठी स्वतःची पद्धत शोधत बसू नये. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला जोडणी-संकेत त्यासाठी उपलब्ध आहे.

पहिल्या ग्राहकाला भेटण्यापूर्वी प्रत्येक पायरीवर प्रक्रिया मुद्दाम बंद पाडून पाहावी आणि भेटीतही त्याच्यासमोर तेच करून दाखवावे, म्हणजे नोंदवहीत पैसे परत केल्याची नोंद एकच आहे हे तो स्वतः मोजू शकेल.