ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकताना या चुका टाळा

जाहिरातींचा वैताग आला की आपण ‘अ‍ॅड ब्लॉकर’ शोधतो आणि पहिले दिसेल ते टाकून मोकळे होतो. इथेच फसगत होते, कारण चांगल्या एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) नावाशी मिळतीजुळती नावे भरपूर असतात. उदाहरणार्थ, जाहिराती अडवणारे ‘युब्लॉक ओरिजिन’ हे रेमंड हिल यांचे. नुसते ‘युब्लॉक’ वेगळे. दोघांच्या वाटा २०१५ मध्येच फुटल्या. निर्मात्याचे नाव वाचा, मगच बटण दाबा.

एक ब्लॉकर पुरेसा असतो. दोन-तीन लावल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. उलट ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात, पान रखडते आणि ‘अ‍ॅड ब्लॉकर बंद करा’ ही पाटी जास्त वेळा दिसते. युब्लॉक ओरिजिनमध्ये ‘ईझीप्रायव्हसी’ ही फिल्टर यादी (काय अडवायचे याची यादी) आधीपासून चालू असते, त्यामुळे पाळत ठेवणारे बरेच ट्रॅकरही तिथेच अडतात. जाहिराती अचानक दिसू लागल्या, तर नवे काही टाकण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर याद्या अपडेट करा.

क्रोमवाल्यांची अडचण वेगळी आहे. गुगलने ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ ही एक्स्टेन्शनसाठीची नवी नियमावली आणून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यात हे मूळ युब्लॉक ओरिजिनही गेले. आता क्रोममध्ये त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते, पण तिची ताकद कमी आहे. पूर्ण ताकद हवी असेल तर फायरफॉक्स वापरा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे एकदा टाकलेले एक्स्टेन्शन वर्षानुवर्षे विसरून जाणे. ‘सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी एकदा दिली की आपण उघडलेले प्रत्येक पान त्याला वाचता येते. आणि एक्स्टेन्शन विकलीही जातात! ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारे, लाखो लोकांच्या आवडीचे एक्स्टेन्शन. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्याला मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ठरवून काढून टाकले. ‘नॅनो अ‍ॅडब्लॉकर’चेही २०२० मध्ये असेच झाले. दोन्हीकडे वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते. नव्या मालकाचा अपडेट आपोआप आला. म्हणून अधूनमधून यादी उघडा आणि जे वापरत नाही ते काढून टाका. एखाद्याने अचानक नवी परवानगी मागितली, तर ती देण्याआधी मालक बदलला आहे का ते शोधा. भाषांतर किंवा स्क्रीनशॉटसारख्या कधीमधी लागणाऱ्या एक्स्टेन्शनला ‘क्लिक केल्यावरच’ ही मुभा पुरते.

वेबसाइट सुरक्षित (https) जोडणीवर उघडून देणारे ‘एचटीटीपीएस एव्हरीवेअर’ अजून असेल तर काढा. ते काम आता ब्राउझरच करतो.

बिल भरताना ओटीपीची खिडकी उघडत नाही, फॉर्मचे बटण दाबले जात नाही? आधी तेच पान इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) उघडा. मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. पान नीट चालले, तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा. मग एकेक बंद करून पाहा. ब्लॉकरच निघाला, तर तो फक्त त्या साइटपुरता बंद करा. पैसे मात्र अर्धवट अडकले असतील तर खात्यातली नोंद पाहिल्याशिवाय पुन्हा भरू नका.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे फायरफॉक्स घ्या. त्यात युब्लॉक ओरिजिन संगणकासारखेच टाकता येते.