बाहेरचा फंड हवाय? आधी सातबारा काढा

खाडीकाठच्या शेताचा खारीचा बांध फुटून भातात खारं पाणी शिरलं किंवा वरकसावरची, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीची, माती पावसाने धुऊन नेली की गावात कोणीतरी म्हणतंच, बाहेरच्या देशांचे पैसे मिळतात ना असल्या कामाला, टाकूया अर्ज. मिळतात, खरंच मिळतात, पण सुरुवात प्रपोजलपासून करू नका.

आमचं पहिलं प्रपोजल एकाच प्रश्नावर अडलं, ही जमीन कोणाची? माती पाणी भात सगळ्यावर पानंच्या पानं लिहिली होती आणि सातबारे काढले तर नावं पणजोबांची, खातं सामाईक, वारस मुंबईत पांगलेले, संमती एकाचीही नाही. म्हणून आधी सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) काढा, मयतांच्या वारस नोंदी लावून घ्या, फेरफार मंजूर झाला का ते स्वतः बघा. सह्यांसाठी गणपती नाहीतर शिमगा गाठा, तेव्हा सगळी भावकी घरी असते, एरवी एकेका सहीसाठी विरार-डोंबिवलीच्या खेपा होतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव असेल तर त्यालाही बोलणीत बसवा, आणि त्या वरकसावर कोणी गुरं चारतं, कातकरी वाडीतल्या बाया लाकूडफाटा आणतात, त्यांची नावं कागदावर नसली तरी त्यांना विचारा. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, २०१२ च्या जमीनहक्क मार्गदर्शक तत्त्वांत हेच आहे, नोंद नसलेला वहिवाटीचा हक्कही मानायचा. लँड गव्हर्नन्स म्हणतात ते हेच हो, हक्क कोणाचा आणि ठरवतं कोण.

आता पैशाचं दार. ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे हवामान बदलाच्या कामांसाठीचा आंतरराष्ट्रीय निधी, गावातल्या संस्थेला थेट पैसे देत नाही, मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच देतो, आपल्याकडे नाबार्ड तशी आहे. याच फंडाचा किनारपट्टीचा एक प्रकल्प महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशासाठी २०१८ मध्ये मंजूर झाला, त्यात सिंधुदुर्ग आहे, तिथल्या लोकांनी नवीन अर्ज करण्यापेक्षा बचतगट म्हणून त्यातल्या कामांत कसं शिरता येईल ते वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी, मँग्रोव्ह) कक्षाकडे विचारावं. छोट्या संस्थांना जवळचं दार म्हणजे जीईएफचा (ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी या आंतरराष्ट्रीय पर्यावरण निधीचा) स्मॉल ग्रँट्स प्रोग्राम, १९९२ पासून चालू आहे, सहसा ५०,००० डॉलरपर्यंत मिळतात, आणि जमिनीची धूप थांबवणं हा त्यांचा ठरलेला विषय आहे. पण प्रत्येक फेरीत कुठले भाग घ्यायचे ते आधीच ठरलेलं असतं, आपला जिल्हा त्यात आहे का ते बघूनच लिहायला बसा. तुमचा वाटाही मागतात, तिथे श्रमदान, चिरे, बोटीची वाहतूक असं सगळं रुपयात मांडा.

परदेशी फाउंडेशनकडून थेट पैसे घ्यायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी, लागतंच. संस्था किमान तीन वर्षं जुनी, त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च, आणि पैसे येणार फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था हे पैसे तुमच्या संस्थेकडे वळवू शकत नाही, ऑफिसखर्चही २० टक्क्यांच्या आतच. त्यामुळे "आमच्या नावावर घेतो, तुम्हाला देतो" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा, अडकाल.

खारजमिनीत एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बांध फुटून बरीच वर्षं झाली असतील तर आत कांदळ उगवलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, म्हणजे "बांध घालून शेती परत आणू" असं लिहिलंत तर तेच तुमच्या अंगावर येईल. कांदळ आहे तिथे राखण्याचं काम लिहा, बांध फक्त मोकळ्या शेताचा, आणि नकाशावर दोन्ही वेगळे दाखवा. आमच्याकडे यावर गावकीत दोन बैठका गेल्या, पण गेल्या ते बरंच झालं.

वेळापत्रक आपल्या ऋतूचं द्या. मातीकाम भात कापल्यावर ते मे, पावसाचे चार महिने कामच होत नाही हे परदेशी माणसाला कळत नाही, ते बजेटमध्येच लिहा. आणि काम सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात, खार, म्हणजे जमिनीतलं मीठ, वर आलेला असताना, मातीचे नमुने घ्या, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचा सल्ला घ्या, त्याच जागेवरून दरवर्षी फोटो काढा. पहिल्या वर्षीचा आकडा नसेल तर तिसऱ्या वर्षी खार कमी झाला हे दाखवायला हातात काहीच नसतं.