शाळाही घरात, चूलही घरात: दिवस हाताबाहेर जातो तेव्हा

जुलैतली एक सकाळ. पाऊस उघडायचं नाव घेत नाही, ओसरीवरच्या दोरीवर तीन दिवसांचे ओले कपडे, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मी विसरलेली, आणि धाकटी भागाकारात अडकून रडते आहे. त्या दिवशी मीही तिच्याबरोबर रडले. मुलांना घरी शिकवणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या वाट्याला अशी सकाळ येते. दोन पूर्ण वेळची कामं एकाच माणसाने एकाच वेळात करायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? म्हणून ती दोन कामं आधी वेगळी करायची.

सुरुवातीला एक आठवडा काहीही बदलू नका, नुसतं लिहा. फ्रिजवर कागद चिकटवा आणि कोणतं काम कोणी केलं ते टिपा. शेजारी ‘आई’ अशी हाक किती वेळा आली त्याच्या रेघा ओढा. आमच्याकडे सगळ्यात जास्त रेघा दहा ते बारामध्ये निघाल्या. त्याच दोन तासांत मी फोडणीही देत होते आणि शुद्धलेखनही तपासत होते. तुमच्या कागदावर दाट रेघा कुठे आहेत ते बघा. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.

आता दिवसाला खुंट्या ठोका. घड्याळ बघून केलेलं वेळापत्रक आमच्या घरात दोन आठवडेही टिकलं नाही. पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंगा मात्र आमच्या गोव्यात रोज वाजतो. तो वाजला की पाव घ्यायचे, चहा करायचा, म्हणजे न्याहारीचा स्वयंपाक सुटला. त्याच वेळी उकड्या तांदळाची पेज शिजवून झाकून ठेवायची. मग गॅस बंद, आणि अकराच्या पेजेपर्यंत फक्त अभ्यास. या वेळात गॅस पेटवायचा नाही, हा नियम मी सगळ्यात कडक पाळते. पेजेनंतर वह्या बंद आणि स्वयंपाक सुरू. तेव्हा मुलं खेळतात, चित्रं काढतात, भांडतातही. प्राथमिकच्या वयाला समोर बसून दोन-अडीच तासांचा अभ्यास पुरतो. घरी शाळेसारखं चाळीस मुलांची वही तपासून होईपर्यंत तुमच्या मुलाला थांबायचं नसतं.

स्वयंपाकातला वेळ बहुतेक नारळ खातो. आठवड्यातून दोनदाच खोवा आणि डबे करून फ्रीझरमध्ये ठेवा. सोमवारी आमच्याकडे नुस्तं, म्हणजे मासे, नसतं, त्यामुळे शनिवारी मूग भिजत घातले की सोमवारी मोड आलेले मूग हाताशी असतात. त्यांची सालं काढायला मुलांना बसवा. परातीत पाणी घालून मूग चोळले की हिरवी सालं वर तरंगतात, आणि ती ओंजळीने काढायला मुलं आपणहून येतात.

यापुढची पायरी सगळ्यात अवघड. ‘जरा मदत कर’ म्हटल्याने काम हलकं होत नाही, कारण ते सांगणं हेही एक कामच असतं. एक अख्खं काम सोपवा. आमच्या मुलाकडे दुपारची ताटं आहेत: मांडणं, उचलणं, घासणं, पुसून ठेवणं. पहिले पंधरा दिवस ताटांच्या कडेला हळदीचा पिवळा डाग राहायचा आणि मी ती गुपचूप पुन्हा घासायची. एकदा त्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ताटांना हात लावला नाही. तेव्हापासून मी डाग दाखवते, घासत नाही. आणि हो, ताटं मोजताना त्यातून गणित शिकवायचा मोह होतो. तो टाळा. भांडी घासणं हे भांडी घासणंच राहू दे, नाहीतर मुलाला घर म्हणजे न संपणारी शाळा वाटू लागते.

पावसाळ्याचे नियम वेगळे ठेवा. जून ते सप्टेंबर जाड टॉवेल कपाटात, बाहेर फक्त पंचे. चादरी ऊन पडलेलं दिसेल त्या दिवशी धुवा, वार बघू नका. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा आठवडा अभ्यास नाहीच. नेवऱ्या (करंज्या) करायच्या असतात, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला रानातली फळं आणायची असतात.

मनात सतत घोळणारी धास्ती असते ती पोर मागे पडण्याची. तिच्यावर माहिती हाच उपाय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिकसाठी, म्हणजे दहावीसाठी, 14 वर्षं पूर्ण असावी लागतात. परीक्षा वर्षातून 2 वेळा होते आणि सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. नोंदणी 5 वर्षं चालते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीचा भागाकार आजच सुटला पाहिजे असं काही नाही. रोज रात्री त्या दिवशी काय केलं याची एकच ओळ वहीत लिहा. महिन्याने ती वाचली की छातीवरचं दडपण उतरतं.

आठवड्यातला अर्धा दिवस मुलं दुसऱ्या कोणाकडे द्या. आमच्याकडे शनिवारी बाबा त्यांना पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेतात, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. त्या वेळात घर आवरू नका. झोपा.

तरीही एखादा दिवस फुटतोच. अशा वेळी गॅस बंद करा, वह्या मिटा आणि सगळ्यांनी वीस मिनिटं सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसा. हे रोजच घडू लागलं, झोप उडाली, खाण्यावरची वासना गेली, तर डॉक्टरांना दाखवा. थकव्याचं औषध वेळापत्रकात नसतं.

त्या जुलैच्या सकाळी आम्ही तिघं सोप्यावर बसून पागोळ्या बघत होतो. जेवायला पेज आणि लोणचं होतं. भागाकार धाकटीने चार दिवसांनी, पाव खाता खाता, स्वतःच मागितला.