घरातलं माणूस ‘बाहेरचं बघायला’ जाऊ लागलं तर

महिला वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागली आहे. नवी पेशंट खाटेवर आली की तिच्या गळ्यात, दंडात, मनगटावर काय बांधलंय ते माझ्या नजरेला आधी पडतं. ताईत, काळा दोरा, कपाळाला अंगारा. मी ते काढायला लावत नाही. नातेवाइकाला बाजूला घेऊन एवढंच विचारते, “इकडं यायच्या आधी कुठं कुठं दाखवलं?” मान खाली घालून उत्तर येतं, “बाहेरचं बघून घेतलं, सिस्टर.” लोक लाजतात म्हणून बोलत नाहीत, आणि बोलत नाहीत म्हणून भोंदूंचं फावतं. तुमच्या घरात हे सुरू झालं असेल तर काय करायचं, ते मला जमेल तितकं नीट सांगायचं आहे.

पहिल्याच दिवशी “सगळं थोतांड आहे” म्हणून अंगावर जाऊ नका. तिकडे जाणारं माणूस खुळं नसतं, दमलेलं असतं. मूल होत नाही, पोराला फिट येते, नवऱ्याची दारू सुटत नाही, डोकं दुखायचं थांबत नाही आणि डॉक्टर दोन मिनिटांत म्हणतात, “रिपोर्ट नॉर्मल आहेत.” बाबा अर्धा तास देतो. नाव घेऊन बोलतो, ऐकून घेतो आणि दुखण्याला कारण देतो. कारण खोटं असलं तरी ते मिळाल्यावर माणसाला हलकं वाटतं. हे आपण मान्य केलं नाही, तर समोरचं माणूस आपलं पुढचं काही ऐकून घेत नाही.

मग बाबाला “सगळं न सांगता कळलं” कसं, ते घरच्या माणसाला शांतपणे समजावून द्या. दरबाराबाहेर नंबर लावून बसलेल्यांत एखादी बाई त्याचीच असते. “कुठून आलात? माझ्या सुनेचंही असंच होतं हो,” म्हणत ती सगळं काढून घेते आणि ते आत पोचतं. काही ठिकाणी नाव, गाव, अडचण चिठ्ठीवर लिहून घेतात. बाकीचं काम मोघम वाक्यं करतात: “घरात पैसा येतो पण टिकत नाही. तू सगळ्यांचं करतेस, तुझं कुणी करत नाही. जवळच्याच माणसाची नजर आहे.” कुठल्या घरात हे खरं वाटणार नाही? बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना ‘खास तुमचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. सगळ्यांना मजकूर एकच होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. ती शिकलेली, धडधाकट मुलं होती. दुखण्यानं गांजलेल्या बाईला ही वाक्यं किती लागत असतील!

चमत्कारांवर फार वेळ घालवू नका, पण एखादा घरी करून दाखवता आला तर जरूर दाखवा. सुरीच्या पात्याला जास्वंदीचं फूल चोळून वाळू द्या आणि लिंबू कापा. आंबट रसानं जास्वंदीचा रंग लाल होतो, झालं ‘रक्त’. हळदीच्या पाण्यात चुना पडला की तेही लाल होतं. आपोआप पेटणाऱ्या होमात पोटॅशियम परमँगनेट असतं आणि तूप म्हणून वरून सोडतात ते ग्लिसरीन. हा प्रयोग मात्र घरी करू नका, भडका उडतो.

कावीळ उतरवण्याचा प्रकार मला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून त्यावर थोडं जास्त. परातीत चुन्याची निवळी घेतात, रुग्णाचे हात त्यात चोळून धुतात, पाणी पिवळंधमक होतं. “बघा, कावीळ उतरली.” त्याआधी ‘औषध’ म्हणून हाताला जे चोळलेलं असतं, ती मेख असते. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस असतो तो, आणि चुन्याशी मिळाला की पिवळा रंग देतो. शंका असेल तर घरातल्या ठणठणीत माणसाला पुढे करा, तेच औषध चोळून त्याचेही हात धुवायला सांगा. त्याचीही कावीळ उतरेल! आता पेशंट बरा होतो तो कसा? ए प्रकारच्या विषाणूची कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय परातीला जातं. पण डोळे पिवळे होण्यामागे पित्तनलिकेतला खडा असू शकतो, गाठ असू शकते, यकृत निकामी होत असू शकतं. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं. परातीपुढे बसण्यात आठवडा गेला, की आमच्या हातात फारसं उरत नाही. त्या बायांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पैशाची चढण ओळखायला शिका. सुरुवातीला “बाबा पैसे घेत नाहीत, पेटीत श्रद्धेनं टाका.” मग 501 चा नारळ, मग 5,100 चा उतारा, मग अमावास्येची पूजा, मग “मंगळसूत्र शुद्ध करून देतो, ठेवून जा.” गुण आला नाही तर दोष नेहमी तुमच्याच पदरात: पूजेत खंड पडला, विटाळ झाला, मनात शंका आणली, डॉक्टरची गोळी घेतली. हल्ली हे सगळं फोनवरही चालतं. फोनवर गाऱ्हाणं ऐकतात, क्यूआर कोडवर पैसे घेतात, सिद्ध केलेलं यंत्र कुरिअरनं येतं.

आणि एक वाक्य ऐकू आलं की त्याच दिवशी सावध व्हा: “हे कुणाला सांगू नका, सांगितलं तर फळ जातं.” त्याच्या जोडीला “करणी जवळच्याच बाईनं केलीय” असतंच. तिच्या नावाचं पहिलं अक्षरही सांगतात. मग जाऊ, नणंद, शेजारीण यांच्याशी बोलणं तुटतं. म्हणजे ज्यांनी हात धरून बाहेर काढलं असतं, नेमकी तीच माणसं दूर जातात. करणीच्या संशयावरून भाऊबंदकीत डोकी फुटलेली मी बघितली आहेत.

घरात बोलताना देव आहे का, बाधा असते का, या वादात शिरू नका. तो वाद कुणी जिंकत नाही. तीन बाबतींत मात्र तसूभरही मागे हटू नका: औषध, पैसा आणि एकांत.

“आई, अंगारा लावा, माझी ना नाही. पण गोळी माझ्यासमोर घ्यायची,” असं सुनेनं सासूबाईंना म्हटलं तर घर मोडत नाही आणि उपचारही चालू राहतात. “गोळ्या बंद कर” म्हणणारा माणूस धोक्याचा, मग तो कितीही गोड बोलो. फिटची गोळी एकदम सोडली तर फिट थांबता थांबत नाही अशी वेळ येऊ शकते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या पोराचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. क्षयाचं औषध मध्येच सोडलं तर पुढे तेच औषध लागू पडत नाही. साप चावला तर उतरवायला बसूच नका. चावलेले बरेचसे साप बिनविषारी असतात, विषारीही दर वेळी विष सोडतोच असं नाही, त्यावर मांत्रिकाचं नाव होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं. हात-पाय हलू न देता दवाखाना गाठा. करकचून बांधू नका, ब्लेड मारू नका.

पैशासाठी एक वही घाला. तारीख, काय दिलं, बाबानं किती दिवसांत काय होईल म्हणून सांगितलं. भांडू नका, फक्त लिहा आणि ती तारीख आली की शेजारी बसून वाचा. मोठी रक्कम, दागिना, जमिनीचा कागद घरातल्या दोघांच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही, एवढं ठरवून घ्या.

एकांताबद्दल तर चर्चाच नको. बाईला, मुलीला, मुलाला दार लावून आत पाठवायचं नाही. “मूल होण्यासाठी एकटीलाच बसावं लागेल” असं कानावर आलं, की तिथून उठायचं आणि घरी यायचं.

आता कायद्याचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्रातल्या ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो त्यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं. चमत्कार दाखवून पैसे उकळणं. अंगात शक्ती आल्याचं भासवून धाक घालणं. करणी केली म्हणून कुणाला बदनाम करणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारांपासून अडवणं. मूल होईल सांगून शरीरसंबंध ठेवणं. हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, वारी, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. त्यांची निम्मी भीती तिथंच जाते. ज्योतिष आणि वास्तूचा सल्लाही त्यातून वगळलेला आहे, पण तिथं पैशाला फसवलं असेल तर भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 आहेच. मंत्र-ताईतानं कॅन्सर, मधुमेह, फिट बरी करतो अशी जाहिरात करणं तर 1954 च्या कायद्यानंच बंद आहे.

तक्रारीला जाण्याआधी पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, पत्रकं, व्हॉट्सॲपवरचे आवाज, त्या दिवशी सोबत असलेल्यांची नावं गोळा करा. ताईत, पुड्या फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. मारहाण झाली असेल तर आधी सरकारी दवाखान्यात या आणि “पडले” म्हणू नका, कुणी मारलं ते सांगा. आम्ही लिहितो तो कागद पुढे कोर्टात बोलतो. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा. पैसे फोनवरून गेले असतील तर 1930 वर लगेच कळवा, त्यात उशीर करू नका. अंगावर बेतलं असेल तर 112, मुलाचं काही असेल तर 1098.

माणूस त्यातून बाहेर आलं की “किती घालवलेस?” हा प्रश्न घरात कुणी विचारू नये. दुखणं अजून तिथंच असतं. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सगळ्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय उठू नका. रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास होतोय तर आता पुढं काय, हेही विचारा. कानात आवाज येणं, झोप उडणं, अंगात येणं, जिवाचं बरं-वाईट करावंसं वाटणं असं काही असेल तर 14416 हा सरकारी ‘टेलिमानस’ नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. पहिला फोन तुम्ही लावून द्या आणि ते माणूस बोलेपर्यंत शेजारी बसा.