मुंबई ते न्यूयॉर्क : हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

अंतर काढायला भिंतीवरचा सपाट नकाशा घेऊ नये. त्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान व सहारा वाळवंटावरून अटलांटिकमध्ये उतरते आणि त्या वाटेची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. त्याऐवजी मुलांचा शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि शिवणाचा दोरा दोन्ही शहरांवर टेकवून ताणून धरावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो, हेलसिंकीजवळून आणि आइसलँडवरून जातो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर त्याची लांबी साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर भरेल. एका सेंटीमीटरला ४२५ किलोमीटर धरल्यास अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर येते आणि तेच खरे कमीत कमी अंतर आहे.

प्रत्यक्षात विमान याच दोऱ्यावरून जाईल असे नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसा घ्यावा लागला. रशियाची हद्द २०२२पासून अमेरिकी कंपन्यांना बंद झाली. म्हणून अंतरात पाचशे किलोमीटर तरी वाढवून धरावेत.

मोठे प्रवासी विमान उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. मात्र उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे जाताना ते समोरून येतात आणि परतताना मागून ढकलतात. जाताना ताशी ८५० धरून १३,००० ला भागावे, धावपट्टीवरची धाव, चढ आणि उतार यांसाठी अर्धा तास मिळवावा, म्हणजे उत्तर सुमारे १६ तास येते. परतीला साडेचौदा तास धरावेत.

सर्वांत जास्त चुका पुढच्या पायरीवर होतात, म्हणून येथे घाई करू नये. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. मुंबईहून रात्री दीड वाजता निघून सकाळी आठला न्यूयॉर्कला पोहोचायचे असेल, तर वजाबाकी करून प्रवास साडेसहा तासांचा ठरवणे चूक आहे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, कारण तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे केली जातात. दीड वाजल्यापासून १६ तास मोजले, की भारतात संध्याकाळचे साडेपाच होतात; त्यातून साडेनऊ तास वजा केले, की न्यूयॉर्कचे सकाळचे आठ मिळतात. हिवाळ्यात हेच विमान सातला उतरेल, आणि आणायला येणाऱ्या मुलाला वा मुलीला ते आधीच कळवलेले बरे.

परतीला हिशेब उलटा करावा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघणारे विमान साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उतरते, आणि तिकिटावर वेळेपुढे ‘+१’ असे छापलेले असते ते या बदललेल्या तारखेसाठीच.