विणायला बसण्याआधीची जमवाजमव

विणकाम शिकायचं म्हटलं की आधी मफलर आठवतो. तो सोडा. पणजीत काय नि वाळपईत काय, मफलर गुंडाळण्याइतकी थंडी पडते कुठे? आपल्याकडे सुरुवात सुती दोऱ्याने आणि स्वयंपाकघरातल्या चौकोनी वस्तूंनी करावी.

म्हणून पहिली खरेदी सुती दोऱ्याची. मध्यम जाडीचा, फिक्या, एकाच रंगाचा घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत, आणि आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी तर मुळीच नाहीत. दोन गुंडे लागणार असतील तर वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवून घ्या. नंतर आणलेला गुंडा थोडा वेगळा दिसू शकतो. गरम भांडं धरायला फडकं विणायचं असेल तर ॲक्रिलिक अजिबात नको, ते उष्णतेने वितळतं. सुती दोरा दुहेरी घेऊन विणा.

सुया ४ मिलिमीटरच्या, शक्यतो बांबूच्या. धातूच्या सुयांवरून नवशिक्याचे टाके पटापट घसरतात. घरात आजीच्या जुन्या सुया असतील तर त्यांवरचा नंबर नीट समजून घ्या: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. दुकानात ‘मोठा नंबर द्या’ म्हणाल तर बारीक सुया हातात पडतील. शिवाय कात्री, टेप, टोकं शिवून टाकायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई, आणि सुटलेला टाका वर ओढायला क्रोशाची सुई. तिच्यासाठी आधी शेजारीपाजारी विचारा.

शिकायचं इतकंच: टाके घालणं (सुईवर पहिले फास चढवणं), सुलट टाका (विणकामातला मूळ, साधा टाका), टाके बंद करणं (शेवटी ते उसवणार नाहीत असे सुईवरून उतरवणं). उलट टाक्याच्या मागे लगेच लागू नका. ३० टाके घालून ६० ओळी सगळ्या सुलट विणल्या की साधारण चौकोन होतो, कारण त्या विणीत दोन ओळींची मिळून एक उभार रेघ दिसते आणि तिची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी असते. भांडी पुसायला तेवढा पुरतो. प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा, कंटाळा आला तरी. ३० चे ३१ होतात ते बहुतेक पहिल्याच टाक्याशी: दोरा सुईवरून मागे ओढला गेला की त्या एका टाक्याचे दोन पाय वर येतात आणि आपण दोन्ही विणतो. दोरा सुईच्या खालून मागे न्या.

चौकोन जमला की त्याच विणीची लांबट पट्टी विणून दुमडा आणि दोन बाजू शिवा, बाळाचं टोपरं तयार. माप बाळाच्या डोक्याचं टेपने घ्या आणि टोपरं त्याहून थोडं कमी ठेवा, वीण ताणली जाते. पायमोज्यांना चार सुया लागतात, ते पुढे बघू.

अर्धवट काम पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल राहून बुरशीचे ठिपके पडतात. कापडी पिशवी शिवा.