कॅसोवरी वाटेत आडवा आला तर

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ईशान्य किनाऱ्यावरील वर्षावनांत, विशेषतः मिशन बीच किंवा डेन्ट्री परिसरात पायी फिरायचे असेल, तर कॅसोवरीशी गाठ पडेल असे धरूनच निघावे. या पक्ष्याला उडता येत नाही. पण तो माणसाइतका उंच होतो, दाट झाडीतूनही ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो आणि त्याच्या पायाच्या आतल्या बोटाची सरळ, टोकदार नखी १२ सेंटिमीटरपर्यंत लांब असते.

चालताना नजर खाली ठेवावी. पायवाटेवर न पचलेल्या बियांनी गच्च भरलेला विष्ठेचा ओलसर ढीग दिसला, तर पक्षी जवळपासच आहे असे समजावे. (दोनशेहून अधिक वनस्पतींच्या बिया हा पक्षी असाच रानभर पेरत असतो, त्यामुळे ढीग निरखून पाहण्याजोगा असतो, पण ती वेळ त्यासाठी नव्हे.)

पक्षी समोर आलाच, तर पळू नये आणि पाठही फिरवू नये, कारण धावण्यात आपला त्याच्यापुढे निभाव लागणार नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे आणि झाडाचे खोड मध्ये घ्यावे. झाड नसेल तर पाठीवरची पिशवी काढून पोटासमोर धरावी, म्हणजे त्याने उडी मारून लाथ झाडलीच तर ती पिशवीवर बसेल. सोबत अंगावर पट्टे असलेली पिल्ले असतील, तर अंतर आणखी वाढवावे. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही कामे नरच करतो, त्यामुळे मोठ्या मादीच्या मानाने लहान दिसणारा हा बाप निरुपद्रवी असेल, अशा भ्रमात राहू नये. कुत्रा मात्र बरोबर नेऊच नये.

खरे पथ्य खाण्याचे आहे. क्वीन्सलँडमधील हल्ल्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसांवरील १५० हल्ल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हल्ले पूर्वी माणसांनी खाऊ घातलेल्या पक्ष्यांनी केलेले आढळले. एकदा चटक लागली की पक्षी माणूस दिसताच हक्काने अंगावर येतो, म्हणून छायाचित्रासाठी केळ्याची फोड पुढे करणे हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. तिथे तो कायद्यानेही गुन्हा ठरतो. डबा उघडा ठेवू नये आणि फळांच्या साली परत न्याव्यात.

गाडीतून जाताना सूचनाफलक दिसताच वेग कमी करावा आणि पक्षी पाहण्यासाठी रस्त्यात थांबू नये, कारण थांबणाऱ्या गाड्यांतून खाऊ मिळतो हे पक्षी लवकर शिकतात आणि पुढे त्याच रस्त्यावर चिरडले जातात.